जोहान्सबर्गमध्ये वावरताना

ओ. आर. टाम्बो विमानतळावर बाहेर आलं की आधी गाठ पडते ती न मागितलेल्या मदतीशी. गळ्यात कसलंसं ओळखपत्र अडकवलेला माणूस बॅगेला हात घालतो, 'टॅक्सी?' म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता चालू लागतो. यातले बरेच जण टिपेसाठी धडपडणारे असतात, पण काही नसतात आणि चेहऱ्यावरून ते कळत नाही. त्यामुळे बॅग हातातून सोडायची नाही आणि आपण बोलावली नाही त्या गाडीत बसायचं नाही. न्यायला कोणी येणार नसेल तर गाउट्रेन उत्तम. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर ही रेल्वे सुरू झाली. शहरातल्या सँडटन भागात पोचायला पाव तास पुरतो, फलाटावर आणि डब्यात रक्षक असतात, च्युइंगगम चघळायलासुद्धा मनाई. मात्र मुंबईच्या लोकलसारखी ती मध्यरात्रीपर्यंत चालत नाही. दुबई, नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे येताना विमानं बरीच असतात, तेव्हा दिवसा उतरवणारं विमान घ्यावं. चार-पाच हजार रुपये वाचवायला रात्री अकराला पोचवणारं तिकीट काढू नये.

*

मला न्यायला माझा इथे राहणारा भाचा आला होता. घराच्या वळणावर तो वळलाच नाही, सरळ पुढे गेला आणि मोठी चक्कर मारून परत आला. "मागे कोणी नव्हतं मावशी, पण सवय आहे." विमानतळापासून गाडीचा पाठलाग करायचा आणि घराच्या दारात सामान, पैसे, पासपोर्ट काढून घ्यायचे, हा इथला जुना प्रकार. मागची गाडी सुटत नाही असं वाटलं तर घरी जायचंच नाही. पोलीस ठाण्याकडे किंवा माणसांची वर्दळ असलेल्या पेट्रोल पंपाकडे वळायचं. नुसता पोलिसांसारखा निळा दिवा लावलेल्या साध्या गाडीने थांबायची खूण केली तरी हेच. वेग कमी करायचा, इंडिकेटर लावायचे, हाताने पुढे बोट दाखवायचं आणि उजेडाच्या जागी जाऊनच थांबायचं. खऱ्या पोलिसांना हे माहीत असतं.

*

गाड्या पळवण्याची सर्वांत आवडती जागा म्हणजे घराचं फाटक. फाटक रिमोटने सरकायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात मागून दुसरी गाडी येऊन वाट अडवते. म्हणून इथले जाणकार फाटकाच्या तोंडात गाडी घालून वाट बघत नाहीत. रस्त्यावरच फाटकाला समांतर थांबतात, ते पूर्ण उघडलं की आत जातात, आणि मागे बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवतात.

लहान मूल असेल तर ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. गाडी सोडावी लागली तर आईला किंवा बापाला त्याच बाजूने उतरून मागचं दार उघडून मूल काढता आलं पाहिजे, वळसा घालायला वेळ नसतो. भाचेसुनेने हे मला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं इतक्या सहज सांगितलं. मी तिच्याकडे पाहत राहिले.

*

सिग्नलला इथे रोबो म्हणतात. रोबोशी पुढच्या गाडीला चिकटून उभं राहायचं नाही. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा ठेवली की प्रसंगी वळवून निघता येतं. रात्री लाल दिवा लांबून दिसला की लोक वेग कमी करतात आणि हिरवा होईपर्यंत गाडी रेंगाळत आणतात. मांडीवर पर्स नको, डॅशबोर्डवर फोन नको. स्पार्क प्लगमधल्या चिनीमातीच्या बारक्या तुकड्याने काच एका फटक्यात फुटते आणि पर्स कधी गेली ते नंतर कळतं. सामान डिकीत ठेवायचं, तेही निघण्याच्या ठिकाणीच. मॉलच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर सगळ्यांदेखत डिकी उघडून लॅपटॉप आत ठेवणं म्हणजे तो कुठे आहे ते सांगणंच झालं.

आणि रिमोटचं बटण दाबलं म्हणजे गाडी बंद झाली असं समजू नये. जवळपास उभा असलेला कोणी आपल्या यंत्राने तो इशारा अडवत असेल. प्रत्येक वेळी हँडल ओढून बघावं.

*

कोणी बंदूक किंवा चाकू दाखवलाच, तर सगळं द्यायचं. हात दिसतील असे ठेवायचे, काही काढायचं असलं तर आधी सांगायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, ओरडायचं नाही. आपल्याकडे चोर सापडला की चार माणसं गोळा होऊन त्याला चोप देतात, त्यामुळे आपल्या पुरुषांच्या अंगात, आणि काही बायकांच्याही, प्रतिकाराची एक उसळी असते. इथे ती जिवावर बेतते. समोरच्याच्या हातातली बंदूक बहुतेक वेळा खरी असते, भरलेली असते, आणि तोही घाबरलेला असतो. कॅमेरा पुन्हा घेता येतो.

*

फोन म्हणजे आता एकच वस्तू राहिलेली नाही. तिकीट, व्हिसाची प्रत, बँक, नातेवाइकांचे नंबर आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ओटीपी, सगळं त्यातच. भारतीय सिम असलेला फोन गेला की दुसऱ्या फोनवरूनसुद्धा बँकेत शिरता येत नाही. म्हणून भारतीय सिम एका जुन्या फोनमध्ये घालून तो मुक्कामी कुलपात ठेवावा आणि बाहेर नेण्याच्या फोनमध्ये तिथलं सिम असावं. बाहेरच्या फोनमध्ये बँकेचं ॲप नकोच. माणसाला काही तास डांबून ॲपमधून पैसे वळते करून घेण्याचे गुन्हे इथे वाढले आहेत. ओळखी जुळवणाऱ्या ॲपवर भेटलेल्या अनोळखी माणसाने बोलावलं म्हणून जाणाऱ्यांनाही असंच पकडलेलं आहे. तरुण मुलगे सहसा स्वतःला या धोक्याबाहेर समजतात. नसतात.

कार्डाचं मात्र आपल्याकडे चांगलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे परदेशी व्यवहार चालू-बंद करणं आणि त्यांची मर्यादा ठरवणं आपल्याच हातात आहे. रोज लागेल तेवढीच मर्यादा ठेवावी. एटीएम मॉलच्या आतलं किंवा बँकेतलं वापरावं, आणि 'मशीन असं चालतं' म्हणून मदतीला येणाऱ्यासमोर व्यवहार रद्द करून निघून यावं. मदत घेतली की तेवढ्यात कार्ड बदललेलं असतं.

बँकेचा नंबर, घरचा नंबर, पासपोर्टचा नंबर कागदावर. कागदाची बॅटरी संपत नाही.

*

सोन्याच्या खाणींवर वसलेल्या शहरात आपलं सोनं घालून फिरू नये. १८८६ मध्ये इथे सोनं सापडलं आणि उघड्या माळावर शहर उभं राहिलं. गळ्यातली साखळी हिसकावणाऱ्याला ती सोन्याची की मुलाम्याची हे नंतर कळतं, मानेला ओरखडा आधी बसतो. मंगळसूत्राचं काय, हा प्रश्न आपल्या बायकांसाठी खरा आहे, त्याला हसू नये. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी लग्नापासून ते काढलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी नुसत्या काळ्या मण्यांची, सोन्याचा कणही नसलेली आखूड पोत ओवून घेतली आणि ती बंद गळ्याच्या कुडत्याआत घातली. मूळ मंगळसूत्र नाशिकला बँकेच्या लॉकरमध्ये राहिलं. मला त्यांचा तोडगा फार आवडला. त्यात श्रद्धाही राहिली आणि गळाही.

*

आकडे. २०२२-२३ या वर्षात दक्षिण आफ्रिकेत २७ हजारांहून जास्त खून नोंदले गेले. देशाची लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मी. भारतात लाख लोकांमागे वर्षाला दोन-तीन खून होतात, तिथे त्या वर्षी पंचेचाळीसच्या आसपास झाले.

हे वाचून तिकीट रद्द करणारे मला माहीत आहेत. पण हे मरण सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. मरणारे बहुतेक तिथलेच तरुण पुरुष असतात, गरीब वस्त्यांतले, आणि पुष्कळदा मारणारा ओळखीचा असतो. प्रवाशाला भय असतं ते मुख्यतः लुटीचं. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या की आपल्याला नको इतकी भीती वाटते आणि ज्यांच्यावर खरंच बेततं ते दिसेनासे होतात.

*

भाच्याच्या कॉम्प्लेक्सला विजेचं कुंपण आहे, फाटकावर रक्षक आहेत, भिंतीवर खासगी सशस्त्र पथकाची पाटी आहे. घरात धोक्याचं बटण दाबलं की त्या पथकाची गाडी येते. देशात नोंदलेले कामावरचे खासगी रक्षक पाच लाखांहून जास्त आहेत, पोलिसांच्या दुपटीहून अधिक. ज्याला परवडतं त्याने सुरक्षा विकत घेतली आहे.

भाच्याच्या घरी काम करणाऱ्या बाई अलेक्झांड्रात राहतात. अलेक्झांड्रा म्हणजे सँडटनच्या काचेच्या मनोऱ्यांपासून थोड्याच किलोमीटरवरची, महामार्गापलीकडची दाट वस्ती. त्या पहाटे अंधारात निघतात आणि मिनीबस टॅक्सीच्या थांब्यापर्यंत चालतात. तो थोडासा रस्ताच सगळ्यांत वाईट, असं त्यांनी मला सांगितलं. शेजारणी मिळून निघतात. पगाराच्या दिवशी पैसे एकाच जागी ठेवत नाहीत, आणि फोन जुनाच वापरतात. मी प्रवासी म्हणून शिकत होते त्या सगळ्या युक्त्या त्या जन्मभर वापरत आल्या आहेत, आणि त्यांना परतीचं तिकीट नाही. त्यांच्या मुलीला रात्रपाळीची नोकरी मिळत होती, ती त्यांनी येण्याजाण्याच्या भीतीने घेऊ दिली नाही. गुन्हेगारीने काय काय हिरावलं जातं याच्या हिशेबात अशा न घेतलेल्या नोकऱ्या कुठे धरतात?

*

सोळा आसनी मिनीबस टॅक्सी हे इथलं वडाप. लाखो लोक त्यावरच कामाला जातात. थांबवायला हाताच्या खुणा आहेत. तर्जनी वर केली की मध्य शहरात जायचंय. भाडं मागच्या रांगेतून खांद्यांवरून पुढे जातं, पुढे बसलेला प्रवासी हिशेब करतो आणि सुटे पैसे तसेच हातोहात मागे येतात. ज्या शहराबद्दल कोणावर विश्वास ठेवू नका असं सांगतात, त्या शहरात रोज सकाळी अनोळखी माणसं एकमेकांचे पैसे हाताळतात आणि ते पोचतात.

नवख्याने एकट्याने त्यात बसावं असं मी म्हणणार नाही. मार्ग कळत नाहीत, टॅक्सीवाल्यांच्या संघटनांमध्ये मार्गांवरून गोळीबार झालेले आहेत. तिथल्या कोणाबरोबर, दिवसा, एखादी फेरी करावी. ॲपच्या गाड्यांशीही त्यांचं वैर आहे. स्टेशनाबाहेर ॲपची गाडी बोलावली तर ड्रायव्हर थोडं पुढे यायला सांगतो किंवा 'पुढच्या सीटवर बसा' म्हणतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मित्रच आहे. यात घाबरण्यासारखं नाही. मात्र गाडीचा नंबर जुळवल्याशिवाय दार उघडू नये.

*

पार्क स्टेशन. लांब पल्ल्याच्या बसगाड्या इथूनच सुटतात. बाहेरच्या रस्त्यांवर खिसेकापू आणि खोट्या टॅक्सीवाल्यांचा वावर, त्यामुळे सामान घेऊन पायी बाहेर पडायचं नाही, गाडी आधी ठरवून आतच वाट पाहायची.

१९१२ मध्ये याच स्टेशनवर गोपाळ कृष्ण गोखले उतरले होते. कॅलनबाख या गांधीजींच्या वास्तुविशारद मित्राने त्यांच्यासाठी कमान उभारली होती. हिंदी लोकांपुढे बोलताना तुम्ही मराठीतच बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो, असा आग्रह गांधीजींनी धरला, कारण ऐकणाऱ्यांत कोकणी मुसलमान होते आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदूही. गोखले आधी हसले, मग बोलले. त्या काळी हिंदी माणसाला जोहान्सबर्ग ज्यात होतं त्या ट्रान्सवाल प्रांतात नोंदणीच्या दाखल्याशिवाय वावरता येत नव्हतं. काळ्या माणसाला तर पासाशिवाय रस्त्यावर उभंही राहता येत नव्हतं. या शहरात कोणी कुठे चालायचं हे शंभर वर्षांहून जास्त काळ कायद्याने ठरवलं. आजचं भय त्याच आखणीवर उभं आहे. कामगारांना शहरापासून लांब वसवलं, मधे मोकळे पट्टे आणि महामार्ग ठेवले. आता त्याच अंधाऱ्या पट्ट्यांतून त्यांना ये-जा करावी लागते.

*

मध्य शहरातल्या मार्शलटाउनमधली एक इमारत ३१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे जळाली, सत्तरहून जास्त माणसं गेली. मालकी महापालिकेची, पण आत भाडं वसूल करत होते भलतेच लोक. इथे अशा इमारतींना 'हायजॅक' झालेल्या इमारती म्हणतात. वर्णभेदाच्या काळात त्या जळालेल्या इमारतीतच पास देण्याचं कार्यालय होतं. प्रवाशाला गाडीतून जाताना फुटक्या काचांच्या, वाळत घातलेल्या कपड्यांच्या या इमारती दिसतात आणि सोबतचा कोणीतरी म्हणतो, 'सगळे गुन्हेगार राहतात इथे.' राहतात ती बहुतांशी भाजी विकणारी, रखवाली करणारी, मलावी-झिम्बाब्वेतून पोटासाठी आलेली कुटुंबं. तिथे रेंगाळू नये हे खरं. पण त्यांच्याबद्दल असं बोलूही नये.

*

हे जरा स्पष्टच लिहिते. आपल्या लोकांच्या तोंडून मी इथे सुरक्षिततेचा जो सल्ला सर्वांत जास्त वेळा ऐकला तो एका ओळीचा होता: काळ्यांपासून जपून. हा सल्ला वाईट आहे आणि निरुपयोगीही. ज्या शहरात बहुतेक माणसं काळी आहेत तिथे तो काहीच सांगत नाही. वाट दाखवणारा, फाटक उघडणारा, दवाखान्यात नाडी बघणारा, लुटीनंतर पाणी आणून देणारा, सगळे काळेच असतात. उलट नीट कपड्यांतला, गोड बोलणारा, आपल्याच रंगाचा ठग या सल्ल्याच्या चाळणीतून सहज निसटतो. जपायचं ते जागेला, वेळेला, हातातल्या वस्तूला. निर्मनुष्य पूल, संध्याकाळनंतरचा मध्य शहराचा भाग, एटीएमजवळ उगाच घुटमळणारा माणूस, मग तो कोणत्याही रंगाचा असो.

पार्किंगमध्ये भडक जाकीट घालून गाड्यांवर लक्ष ठेवणारे असतात. जाताना त्यांना पाच-दहा रँड द्यायचे आणि आल्याबरोबर नमस्कार करायचा. आपल्याला ओळखणारी एक नजर त्या आवारात तयार होते, हा व्यावहारिक फायदा आहेच. पण तो नसता तरी नमस्कार करायचा असतो.

*

पोलीस: १०१११. मोबाइलवरून: ११२. लुटीनंतर ठाण्यात जाऊन केस नंबर घ्यायचाच. त्याशिवाय विमा कंपनी दाद देत नाही. पासपोर्ट गेला तर भारताचा वाणिज्य दूतावास जोहान्सबर्गमध्येच आहे, घरी परतण्यापुरता दाखला तिथे मिळतो. पासपोर्टची छायाप्रत बरोबर, मूळ प्रत कुलपात.

लैंगिक अत्याचार झाला तर सरकारी रुग्णालयांना जोडलेली थुथुझेला केंद्रं आहेत. तपासणी, औषधं, जबाब, समुपदेशन सगळं एकाच छताखाली. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हे घरून निघण्याआधी मुलींना सांगावं, मुलांनाही. लाजेने न सांगता राहण्याजोगी ही गोष्ट नाही.

*

घाबरून चार मॉल बघून परत येणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. कॉन्स्टिट्यूशन हिलवर जावं. गांधीजी आणि मंडेला दोघेही कधी ना कधी तिथल्या तुरुंगात होते, आणि आज त्याच आवारात संविधान न्यायालय आहे. जुन्या कोठड्यांच्या विटा न्यायदालनाच्या भिंतीत बसवल्या आहेत. गाडी थेट आवारात न्यावी, तिथून शेजारच्या हिलब्रो वस्तीकडे पायी भटकू नये. हिलब्रो बघायचंच असेल तर पॉन्टे या चोपन्न मजली गोल मनोऱ्यात 'ड्लाला न्जे' नावाची संस्था आहे. तिथल्याच रहिवाशांबरोबर ते चालत नेतात. फोर्ड्सबर्गच्या ओरिएंटल प्लाझात दिवसा समोसे खावेत. वर्णभेदाच्या काळात पेजव्ह्यू वस्तीतून उठवलेल्या हिंदी दुकानदारांसाठी तो बाजार बांधला गेला.

*

भाच्याची मुलगी नऊ वर्षांची आहे. पुण्याला आजीकडे आली की तिला सगळ्यांत जास्त आवडतं ते एकटीने खाली जाऊन दूध आणणं. जोहान्सबर्गमध्ये ती रस्त्यावरून कधी एकटी चाललेली नाही. तिला चालायचं असतं म्हणून आई-बाप शनिवारी सकाळी आठला तिला डेल्टा पार्कात नेतात. तिथल्या पार्करनमध्ये खूप माणसं जमून पाच किलोमीटर पळतात किंवा नुसती चालतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. आजोबा असतात, बाबागाड्या असतात, कुत्री असतात, सगळ्या रंगांचे लोक असतात. इतकी माणसं एकत्र असली की मोकळी जागा खरोखर मोकळी होते. शहरात पाहुणे म्हणून गेलेल्यांनी एखादा शनिवार त्यासाठी राखावा. गाडी इतर गाड्या असतील तिथेच लावावी आणि फोन डिकीतही ठेवू नये, घरीच ठेवून जावं.